उकळलेल्या तारा

“दादा, या तारा जुन्या नाहीत, अनुभवी आहेत,” गिटारवाला म्हणाला आणि काचेपलीकडे सगळे हसले. बेसवाल्याने लगेच पुढे जोडलं, “असू दे रे, दादा एक प्लगिन लावतील. तारा परत बारशाच्या वयाच्या होतील.”

रेकॉर्डिंग करताना असे विनोद मी अठरा वर्षं ऐकत आलोय. तार तुटली तरच बदलायची, गंज हाच आपला टोन, तारा धुवायच्या नाहीत, नशीब जातं. मुलं गुणी असतात, मनापासून वाजवतात, म्हणून मीही त्यांच्याबरोबर हसतो. त्या रात्री मात्र हसून भागणार नव्हतं. गायिका दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येणार होती, त्याआधी अकूस्टिक गिटारचे दोन भाग आणि बेस रेकॉर्ड होऊन तयार हवे होते. बाहेर जुलैचा पाऊस, कोथरूडमधली दुकानं केव्हाच बंद झालेली.

पहिला टेक घेतला. वाजवणं सुरेख होतं. पण तार छेडली की आवाजाचं तोंडच उघडत नव्हतं. दमट पापडासारखा टोन. मी मूळचा मिरजेचा. लहानपणी सतारमेकर गल्लीत तासन्‌तास बसून जवारी काढताना बघितलंय. घोडीवर कानस अलगद फिरायची, मग तारेखाली सूत सरकवायचं, आणि एका जागी आल्यावर तंबोरा एकदम बोलायला लागायचा. तो क्षण एकदा कानात बसला की तार कधी बोलत नाही तेही लगेच कळतं. या गिटारची जवारीच गेली होती म्हणा ना.

तरी आधी बेसवाल्याच्या म्हणण्याप्रमाणे प्लगिन, म्हणजे आवाज बदलणारं सॉफ्टवेअर, लावून बघायचं ठरवलं. नुसतं “तारा बदल” म्हणून सांगण्यापेक्षा गिटारवाल्या मुलाने स्वतःच्या कानाने ऐकावं, असं मला मनापासून वाटत होतं. ईक्यूवर, म्हणजे आवाजातले वरचे-खालचे भाग कमीजास्त करायच्या साधनावर, १० हजार हर्ट्झच्या वर ६ डेसिबल चढवले. गिटार उजळली नाही. माइकची सळसळ वर आली, शर्टाची बाही लाकडावर घासते तो आवाज आला, आणि तारेवरून बोटं सरकताना होणारं किंचाळणं तर कानात टोचायला लागलं. मग एक्सायटर लावला. तो असलेल्या आवाजातून वरचे स्वरांश, म्हणजे मूळ सुराच्या पटीतली बारीक कंपनं, नव्याने तयार करतो. त्याने चकाकी दिली, पण ती स्टीलच्या भांड्यासारखी, सगळ्या सुरांना एकाच पट्टीची.

पाचवी तार ११० हर्ट्झला लावलेली असते. तिच्यातला ५ हजार हर्ट्झच्या आसपासचा चमचमाट म्हणजे तिचा ४५वा स्वरांश. नव्या तारेत असे बारीक स्वरांश छेडताक्षणी एकत्र उसळतात आणि मग प्रत्येक जण आपापल्या वेगाने विरत जातो. कानाला जिवंतपणा वाटतो तो या विरण्यातच. जुन्या तारेच्या वेटोळ्यांमध्ये घाम, तेल, मेलेली कातडी, धूळ असं सगळं दाबून भरलेलं असतं. त्यामुळे बारीक कंपनं उठता उठताच दबतात. जे माइकपर्यंत पोचलंच नाही, ते ईक्यू कुठून वाढवणार?

खरी अडचण पुढे आली. दुसऱ्या अंतऱ्यात तो नवव्या फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या नवव्या पट्टीवर, जायचा आणि तिथे कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडलेले सूर, बेसूर लागायचा. ट्यूनर सगळ्या मोकळ्या तारा बरोबर दाखवत होता. मी चौथी तार तपासली. बाराव्या फ्रेटवर बोट नुसतं टेकवून काढलेला हार्मोनिक आणि तिथेच दाबून काढलेला सूर यांत जवळजवळ १५ सेंटचा फरक. अर्धा सूर म्हणजे १०० सेंट, तेव्हा एकट्या सुरात हे खपून जातं. कॉर्डमध्ये नाही खपत, आणि डावीउजवीकडे दोन गिटार असल्या की मुळीच नाही. तार उलटी करून टॉर्चच्या उजेडात धरली, तर प्रत्येक फ्रेटच्या जागी एक बारीक खाच आणि खाचेभोवती काळा थर. वजन सगळीकडे सारखं राहिलं नाही की तार स्वतःशीच बेसूर होते. सूर दुरुस्त करणाऱ्या सॉफ्टवेअरने एकेक सूर हलवूनही बघितला. सूर जागेवर आले, पण गिटार पाण्याखाली वाजतेय असं वाटायला लागलं.

मुलाचा चेहरा उतरला. तेवढ्यात त्याने एक फार चांगला प्रश्न विचारला. “मग काकांच्या बेसच्या तारा तर माझ्या तारांपेक्षा जुन्या आहेत. त्यांना का नाही बोललात?”

खरंच होतं. बेसवाल्याने सहा वर्षांत तारा बदललेल्या नाहीत आणि मी त्याला बदलूही देणार नाही. त्याच्या फ्लॅटवाउंड तारा, चपट्या पट्टीच्या वेटोळ्यांच्या, गुळगुळीत. या गाण्यात बेसने फक्त धप्प करून जमीन द्यायची होती. डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीत १९६० च्या दशकात बेसवादक जेम्स जेमर्सन अशाच तारांवर वाजवायचा आणि तुटल्याशिवाय तार बदलायचा नाही. त्या जुन्या तारांचा ठोका कितीतरी गाण्यांच्या तळाशी आहे. म्हणजे तार जुनी हा काही गुन्हा नाही. आपल्याला जो आवाज हवाय तो तिच्यात आहे का, एवढंच बघायचं. बेस माझ्याशी बोलत होता, गिटार बोलत नव्हती.

स्टुडिओत सुट्या तारांचा एकच संच सापडला, तोही इलेक्ट्रिकचा, दहाचा, म्हणजे पहिली तार ०.०१० इंच जाडीची. पण वरच्या दोन तारा नुसत्या पोलादाच्या असतात, मग गिटार अकूस्टिक असो की इलेक्ट्रिक. त्या संचातली १३ची तार पहिलीच्या जागी घातली, १७ची दुसरीच्या. अकूस्टिकच्या मीडियम संचात हीच मापं असतात. प्रश्न राहिला खालच्या चार ब्राँझच्या गुंडाळीच्या तारांचा. त्या काढल्या, सैल गुंडाळल्या आणि पँट्रीतल्या चहाच्या पातेल्यात उकळायला ठेवल्या.

पाच मिनिटांत पाणी गढूळ झालं. वर तेलाचा पातळ तवंग आला, कडेला करड्या रंगाची साय जमली. मुलगा वाकून बघत होता. “हे सगळं माझ्या बोटांचं?” एवढंच म्हणाला. दहा मिनिटांनी तारा चिमट्याने काढल्या, पंच्यात दाबून पुसल्या आणि हेअर ड्रायरने अगदी कोरड्या केल्या. ओल राहिली तर आतला पोलादी गाभा सकाळपर्यंत गंजायचा. चढवताना खरी धाकधूक होती, कारण खुंटीला एकदा वळलेली तार त्याच जागी ठिसूळ होते. तिसरी तार ताणत असताना आम्ही तिघेही गप्प होतो. टिकली.

त्याने जी मेजर मोकळा छेडला आणि माझ्या अंगावर काटा आला. माइक तोच, जागा तीच, ईक्यू बंद. खोलीत कोणीतरी खिडकी उघडावी तसं झालं. तो पुन्हा पुन्हा तेवढाच कॉर्ड वाजवत राहिला, मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी लाल दिवा लावला. उकळलेली तार ही उसनी चमक असते, काही तासांत उतरायला लागते, म्हणून आम्ही थांबलो नाही. गिटारचे दोन्ही भाग पावणेदोनपर्यंत झाले.

खाचा मात्र उकळून भरत नाहीत. नवव्या फ्रेटवरचा कॉर्ड अजूनही किंचित चढा लागत होता. मी ते चार बार, म्हणजे गाण्याचा तेवढा तुकडा, मोकळे सोडले, त्याला गिटार इथेच ठेवायला सांगितली आणि घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो नवा संच घेऊन आला. बदलण्याआधी कालच्याच तारा छेडल्या, तर रात्रीची चमक बरीच उतरली होती. नव्या चढवल्या, प्रत्येक तार बोटाने हळूच ओढून ताण बसवला, बारावा फ्रेट तपासला. चौथी तार आता दोन सेंटच्या आत होती. राहिलेले चार बार त्याने एका टेकमध्ये दिले. संध्याकाळी गायिकेने हेडफोन लावले, दुसरा अंतरा संपेपर्यंत डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, “सूर मिळतोय. घेऊया.”