गोव्यात मासे नाही, पनीर आडवं येतं

गोव्यात राहतेस आणि नुस्तं (म्हणजे मासे) खात नाहीस, मग जगतेस कशी? हे मला अगदी अनोळखी माणसं पण विचारतात, बसमध्ये शेजारी बसलेली बाई विचारते, भाजीवाली विचारते. पण खरं सांगू का, बाहेर जेवायला गेल्यावर माशांनी मला कधी एवढा त्रास दिलेला नाही. त्रास देतं ते पनीर.

मी व्हिगन आहे, म्हणजे मांस-मासे-अंडं तर नाहीच पण दूध, दही, तूप, लोणी पण नाही. आता किनाऱ्याकडच्या कुठल्याही हॉटेलात बसा आणि मेनूकार्ड उघडा. इसवण, सुंगटं (म्हणजे कोळंबी), चणाक, तिसऱ्या, कुर्ल्या अशी पानंच्या पानं, आणि शेवटी कुठेतरी ‘व्हेज’. त्यात काय तर पनीर बटर मसाला, पनीर टिक्का, मलई कोफ्ता, दाल मखनी, आणि कधीच कोल्हापूर न बघितलेलं व्हेज कोल्हापुरी. सगळं पंजाब्यांचं, सगळं दुधात बुडवलेलं. गोव्याचं म्हणून एक पण व्हेज नाही!

आणि गंमत म्हणजे इथल्या हिंदू घरात सोमवारी, एकादशीला, श्रावणात, चवथीला (गणेश चतुर्थीला) जे शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवण होतं ते जवळजवळ अख्खं व्हिगन असतं. मुगागाठी (मोड आलेल्या मुगाची आमटी), आलसाण्यांचं तोणाक (गावठी चवळीची खोबऱ्याच्या वाटणातली उसळ), खोबरं घातलेली तांबडी भाजी, कोवळ्या फणसाची भाजी, सोलकढी. खतखतं घ्या, तुरीची डाळ, मिळतील तेवढ्या भाज्या, ओल्या खोबऱ्याचं वाटण, गूळ, सोलं आणि वरून तिरफळं. दुधाचा थेंब नाही. जिथे दुसरीकडे मलई घालतात तिथे आम्ही नारळाचा रस घालतो, विषय संपला. भातावर वाढलेलं तूप तेवढं नको म्हणायचं.

मग हे हॉटेलात का नाही मिळत? मला वाटतं साधं कारण आहे, गोंयकार बाहेर जातो तोच मुळी मासळी नाहीतर कोंबडी खायला, घरी सोमवारी जे फुकट मिळतं त्याला पैसे कोण देणार. आणि टुरिस्टला खतखतं माहीतच नसतं, तो पनीर मागतो. त्यात किचनमध्ये आचारी बाहेरच्या राज्यातले, त्यांना तोणाक कोण शिकवणार. त्यामुळे मागणी नाही म्हणून करत नाहीत आणि करत नाहीत म्हणून कोणी मागत नाही.

‘व्हिगन आहे का काही’ असं विचारून काही उपयोग नसतो हे सुरुवातीलाच सांगून ठेवते. एकदा वेटर म्हणाला हां हां मॅडम, जैन ना, आणि कांदा-लसूण नसलेलं पनीर घेऊन आला. म्हणून मी आता एकेक जिन्नस विचारते. ग्रेव्हीत क्रीम आहे का? मलई? बटर? रोटीला बटर लावू नका, नान तर नकोच कारण त्याच्या पिठात बहुतेक दही-दूध असतं. हे सगळं विचारेपर्यंत बरोबरच्या लोकांच्या सोलकढ्या पिऊन होतात आणि नवरा टेबलाखालून पाय मारतो, पण असो.

मासळीवाल्या हॉटेलात मात्र वेगळी भानगड असते. मागे नणंदेच्या घरच्यांबरोबर एका थाळीच्या हॉटेलात गेलो होतो (नाव नाही सांगत, बाकीच्यांना जेवण फार आवडलं), मी व्हेज थाळी सांगितली. दुधीची भाजी आली, छान दिसत होती, वर ओलं खोबरं, मोहरी, आणि मध्ये काहीतरी नखाएवढं, गुलाबीसर, वाकडं. चमच्याने बाजूला केलं तर त्याला डोळे. वेटरला बोलावलं तर तो शांतपणे म्हणतो, “दीदी, वो तो बस टेस्ट के लिए है, छोटावाला.” नणंद म्हणाली, “वहिनी, बाजूला काढ आणि खा गं, कोण बघतंय.” तर भाजीत सुकी सुंगटं घालायची पद्धत घरोघरी आहे, त्यांच्या लेखी तो मासा नव्हेच, मिठासारखी चव आणायची वस्तू. त्यामुळे ‘सुकी सुंगटं घातली नाहीत ना’ हा प्रश्न वेगळा विचारावा लागतो, नुसतं व्हेज म्हणून भागत नाही. शागुतीचं (भाजलेल्या खोबऱ्याच्या मसाल्याचा रस्सा) पण तेच. मश्रूम शागुती लिहिलेलं असलं तरी वाटणाचा टोप कोंबडीबरोबर एकच आहे का ते विचारा. आणि भजी-कटलेट तळायचं तेल कुठलं तेही, नाहीतर मिरची भजीला बांगड्याचा वास.

सकाळ मात्र आपली! गोव्यातली भाजी-पावची हॉटेलं म्हणजे व्हिगन माणसाला वरदान आहे, आणि हे कुठल्याच ट्रॅव्हलवाल्या रीलमध्ये कोणी सांगत नाही. पणजीत कॅफे तातो, कॅफे भोंसले, आणि प्रत्येक गावात बाजाराजवळ असतंच एखादं. पातळ भाजी म्हणजे वाटाणे किंवा चणे खोबऱ्याच्या वाटणात, सुकी भाजी म्हणजे बटाटा, दोन्ही एकत्र मागितलं की मिक्स. त्याच्यात पोळी नाहीतर उंडो बुडवायचा (पोळी म्हणजे तुमची चपाती नव्हे हां, कोंडा लावलेला आमचा पाव, आणि उंडो म्हणजे कडक सालीचा गोल पाव), वर एक मिरची भजी. केळ्याचे बन्स दिसले की मन चळतं पण त्यात बऱ्याच ठिकाणी दही असतं, विचारून घ्या. चहा कोरा मागितला की दया आल्यासारखं बघतात आणि न सांगता लिंबू पिळून देतात.

पावसाळा हा माझा सीझन. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरना मासेमारी बंद, ताजी मासळी महाग, मग पाठोपाठ श्रावण. बाजारात तायकिळो (टाकळा), किल्लं (बांबूचे कोंब), फागलां (कर्टोली) येतात, आणि रस्त्याकडेला पानात गुंडाळलेली रानातली अळमी, म्हणजे मश्रूम, सोन्याच्या भावाने. त्या दिवसांत काही हॉटेलं फळ्यावर खडूने ‘आज शिवराक’ लिहितात, तेव्हा मेनूकार्ड मागायचंच नाही, फळा वाचायचा.

गोबी मंचुरियनवर जाता जाता एक. २०२४ मध्ये म्हापसा पालिकेने बोडगेश्वराच्या जत्रेत त्याचे स्टॉल बंद केले, रंग आणि स्वच्छतेच्या तक्रारींवरून. मला काही वाईट वाटलं नाही, जत्रेत व्हेज म्हणजे ते लाल भडक गोबीच असं झालं होतं.

आसगाव, हरमल, मांद्रेकडे व्हिगन कॅफे आहेत, चांगले आहेत, ओट मिल्कची कॉफी मिळते, मी जाते पण. पण एका ॲव्होकाडो टोस्टच्या बिलात आमच्या घरची सगळी माणसं भाजी-पाव खाऊन वर भजी पार्सल घेतील. आणि पावसात त्यातले बरेच बंद.

गोडाचं म्हणाल तर बेबिंकाला (आमचा थरांचा केक) २०२३ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, पण त्यात अंड्यांचे बलक आणि तूप, म्हणजे शाकाहारी माणसालासुद्धा जपून. दोदोल मात्र तांदळाचं पीठ, गूळ आणि नारळाचा रस, फक्त तूप लावलंय का ते विचारा. चवथीच्या दिवसांत कोणी हळदीच्या पानातल्या पातोळ्या दिल्या तर काहीच विचारू नका, खा.

हल्ली मी एक नवीन उद्योग सुरू केलाय. फोंड्याकडे मंगेशी-म्हार्दोळच्या बाजूला जायचं असलं की आदल्या दिवशी ओळखीच्या हॉटेलात फोन करते, उद्या खतखतं कराल का म्हणून. परवा एका मालकाने हो म्हटलं, “करतो गे बाय, घरात बायको करताच, पण धा माणसं तरी हाड. एका माणसाक खतखतं कशें करपाचें?” म्हणजे दहा माणसं तरी आण, एकासाठी कसं करायचं. आता नऊ जण शोधतेय. नवरा आणि नणंदेचा नवरा तयार आहेत, पण दोघांची एकच अट, परत येताना वाटेत नुस्तं खायला थांबायचं.