आठवा वेग

अण्णा पहिल्यांदा आले ते गड्ड्याची यात्रा संपता संपता. सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेलच्या कारखान्यात ते मागावर असतात. बाही वर सारली तर मनगटापासून कोपरापर्यंत लाल चट्टे, त्यावर चंदेरी पापुद्रे आणि पापुद्र्यांत अडकलेले कापसाचे तंतू. सोरायसिसला अकरा वर्षं झालेली. कारखान्यात माठावरचा पेलासुद्धा त्यांचा वेगळा. हा रोग शिवल्याने पसरत नाही, एवढं सांगितलं आणि सोबत आलेल्या त्यांच्या पत्नी अक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं.

खिशातून अण्णांनी गोळ्यांची पट्टी काढली. स्टेरॉइड, तेही स्वतःच्या मनाने चाललेलं. ते एकदम तोडलं तर रोग अंगभर उसळू शकतो. म्हणून आधी त्यांना त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं. गोळी हळूहळू उतरवून बंद होईपर्यंत चैत्र उजाडला. आयुर्वेद सांगतो, वसंतात कफ पातळ होतो; वमनाला, म्हणजे औषध देऊन उलट्या करवण्याला, हाच काळ उत्तम.

पंचतिक्त घृत, म्हणजे पाच कडू वनस्पतींचं औषधी तूप, पहिल्या दिवशी 30 मिली, मग रोज वाढवत नेलं. सहाव्या दिवशी अण्णांना तुपाचा वाससुद्धा नकोसा झाला, कातडी मऊ लागू लागली. पुढे अभ्यंग, वाफ आणि आदल्या रात्री दहीभात, उडदाचे वडे. कफ सुटायला हेच लागतं.

सकाळी साडेसहाला त्यांना खुर्चीवर बसवलं. गळ्यापर्यंत दूध, त्यावर मध-सैंधवात कालवलेलं गेळफळाचं चूर्ण, मग ज्येष्ठमधाचा फांट, म्हणजे गरम पाण्यात भिजवून गाळलेला अर्क. कपाळावर घाम आला, अंगावर काटा आला आणि उलट्यांचे वेग सुरू झाले. आधी दूध, मग तारेसारखा चिकट कफ.

सहाव्या वेगानंतर त्यांनी माझं मनगट धरलं. "डॉक्टर, बस. जीव चालला." सहायक हळूच म्हणाली, "सहा झाले, मध्यम शुद्धी झाली." चार वेग कनिष्ठ, सहा मध्यम, आठ उत्तम, हे आम्ही सगळेच पाठ करतो. पण शेवटी यायला हवं ते पित्त भांड्यात कुठेच दिसत नव्हतं आणि छाती अजून जड होती. चरकांनी कुष्ठाच्या, म्हणजे आयुर्वेदाच्या भाषेत त्वचारोगाच्या, रुग्णाचं शोधन पुन्हा पुन्हा करायला सांगितलंय, पण प्राण सांभाळून. त्या दोन मिनिटांत मला तेवढंच आठवत होतं. नाडी पाहिली, रक्तदाब 110/70. थांबायला कारण नव्हतं, पण घाई करायलाही नव्हतं. कोमट सैंधवजल दिलं आणि पाठ खालून वर चोळत राहिलो. सातव्याला कफच. आठव्याला भांड्यात पिवळंहिरवं उतरलं.

"कडू! नुसतं कडू!" अण्णा ओरडले. त्या शब्दाने मला झालेला आनंद मी आजही विसरलेलो नाही. मग स्वच्छ ढेकर आली. औषधी धुराचं धूमपान झालं आणि ते गाढ झोपले. संध्याकाळी अक्कांनी तांदळाची पातळ पेज भरवली. पुढचे सात दिवस पेज, मऊ भात, मुगाचं कढण, पायरीपायरीने. कडक भाकरी आणि शेंगाचटणीसाठी त्यांनी रोज विचारलं, मी रोज नाही म्हटलं. इथे चुकलं की सगळं केलेलं पाण्यात जातं.

तिसऱ्या आठवड्यात पाठीवरचे पापुद्रे गळले, खाज कमी झाली, झोप लागू लागली. रोग समूळ गेला असं मी म्हणणार नाही. थंडीत कोपरांवर रुपयाएवढे दोन चट्टे परत उठले, पण गोळीची पट्टी परत आली नाही. यंदाच्या चैत्रासाठी अण्णांनी मालकाकडे पंधरा दिवसांची रजा आत्ताच सांगून ठेवली आहे.