टाकी-पंप अपडेट: बंद तारेत ८७ व्होल्ट

गच्चीवरच्या टाकीतलं पाणी उतरलं की पंप आपोआप चालू करणारा कंट्रोलर मी बनवतोय. मागच्या वेळी ‘आता पेटीला झाकण लावलं की झालं’ असं लिहिलं होतं, ते तूर्त विसरा. टाकी काठोकाठ भरलेली, पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लोट स्विचचा संपर्क उघडा, म्हणजे ‘पंप नको’, तरी मध्यरात्री कंट्रोलरने पंप चालू केला. गच्चीवरचं पाणी थेट पार्किंगमध्ये. नेरूळमध्ये पाणी वाया घालवणाऱ्याला सोसायटीच्या ग्रुपवर काय काय ऐकावं लागतं, ते इथे लिहीत नाही.

सोसायटीचे इलेक्ट्रिशियन टेस्टर टेकवून मोकळे झाले. ‘साहेब, मिणमिण पेटतोय, म्हणजे करंट आहे. फ्लोट बदला.’ एमसीबी पाडून, फ्लोट सोडवून कंटिन्युइटी पाहिली, म्हणजे आतला संपर्क नीट जुळतो-तुटतो का ते. फ्लोट ठणठणीत!

मग पुन्हा सप्लाय देऊन फ्लोटकडून कंट्रोलरकडे येणाऱ्या परतीच्या तारेवर मीटर लावला. आधी चालू सॉकेटवर २३० दाखवतो का ते पाहिलं, मग तार मोजली, मग परत सॉकेट. हा क्रम मी सोडत नाही, कारण बिघडलेला मीटरही शून्यच दाखवतो. काळा प्रोब मगरचिमट्याने न्यूट्रलला अडकवला, लाल एका हाताने टेकवला, दुसरा हात पाठीमागे. ८७ व्होल्ट. केबल हलवली की ८१, पुन्हा ८७.

खरी गळती असती तर आकडा बहुधा असा डुलला नसता. फ्लोटला जाणारी फेज आणि परतीची तार तळमजल्यापासून गच्चीपर्यंत एकाच केबलमध्ये चिकटून आहेत, म्हणजे आयता कपॅसिटर: संपर्क तुटलेला असला तरी थोडी वीज पलीकडच्या तारेत झिरपते. दर मीटर लांबीला १०० पिकोफॅरड धरा; ४० मीटरला ४ नॅनोफॅरड, ५० हर्ट्झला सुमारे ८०० किलोओहमचा अडथळा. आपल्या मीटरचा इनपुट १० मेगाओहमचा, त्याला एवढी चोरटी वीज पुरते. माझ्या ऑप्टोलाही (कंट्रोलरमधला, तारेत वीज आहे का ते ओळखणारा भाग) पुरली, तिथेच घोळ.

खात्रीसाठी झिरोचा बल्ब हवा होता, फिलामेंटवाला, १५ वॉटचा. एलईडीचा इथे कुचकामी. नेरूळ स्टेशनबाहेरच्या जुन्या दुकानदाराने फळीमागून धुळकट खोका काढला. एमसीबी पाडून तो परतीची तार आणि न्यूट्रलमध्ये जोडला, सप्लाय दिला: व्होल्टेज एकच्याही खाली, बल्ब मख्ख. इन्सुलेशन फुटलेलं असतं तर व्होल्टेज असं कोसळलं नसतं. काय बरं वाटलं सांगू!

उपाय म्हणून बल्बच्या जागी ४७ किलोओहमचा रेझिस्टर कायमचा बसवणार होतो. फ्लोटचा संपर्क जुळलेला असताना त्यात १.१ वॉट जळणार, म्हणून ५ वॉटचा. पण हे लिहितानाच डोक्यात आलं, पाण्यात लोंबकळणाऱ्या स्विचला २३० व्होल्ट द्यायचेच कशाला? १२ व्होल्ट डीसी, आयसोलेटेड (मेन्सपासून पूर्ण वेगळा) सप्लाय, काही मिलिअँपिअर. एवढ्या लांबीत ड्रॉपही नगण्य. मात्र केबल वेगळी, पाइपही वेगळा. मेन्सच्या केबलमधले रिकामे कोअर वापरायचे नाहीत. तोवर पंप वॉचमनच्या हाती.

पंपाचा करंट मात्र पहिल्या फटक्यात मिळाला. मीटरचा १० अँपिअरचा जॅक मी मोटरला लावत नाही. सुरू होतानाचा झटका कितीतरी मोठा असतो. क्लॅम्प मीटर (तार न तोडता करंट मोजणारा चिमटा) अख्ख्या केबलभोवती लावला तर शून्य, कारण जाणारा-येणारा एकमेकांना खातात. स्टार्टरमध्ये फक्त फेजच्या तारेभोवती लावला: ५.८ अँपिअर. व्हॉल्व्ह क्षणभर आवळल्यावर ४.१. म्हणजे पाण्याविना चालणारा पंप करंटवरून पकडता येईल. त्यासाठी सीटी (तारेभोवती बसणारा, करंट मोजणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) मागवतोय. त्याच्या आउटपुटवर बर्डन रेझिस्टर आधी टाकायचा, सेकंडरी म्हणजे आउटपुटची गुंडाळी उघडी ठेवायची नाही.

जाता जाता: ऑनलाइन घेतलेल्या स्वस्त मीटरवर ‘कॅट थ्री ६०० व्होल्ट’ (इमारतीच्या वायरिंगवर, पॅनलवर वापरायचा सुरक्षेचा दर्जा) छापलंय, आत मात्र काचेचा चिमुकला फ्यूज. तो बॅटरी मोजायला ठेवलाय. पंपाच्या पॅनलवर सिरॅमिक एचआरसी (शॉर्टसर्किटचा प्रचंड करंटही सुरक्षित तोडणाऱ्या) फ्यूजवालाच.

सेक्रेटरींनी नव्या पाइपला होकार दिलाय, पण डक्टमध्ये जागा नाही. बाहेरच्या भिंतीवरून १२ व्होल्टची केबल नेलेलं कुणी असेल तर उन्हात कुठली टिकली ते सांगा.