सीडीत सीटी होता, पातळ स्लाइस नव्हत्या

सेंटरच्या काउंटरवर सीडी हातात ठेवतात आणि "यात सगळं आलंय" म्हणून पुढच्या पेशंटचं नाव पुकारतात. छातीचा सीटी असेल आणि रिपोर्टात फुप्फुसातल्या छोट्या गाठीचा उल्लेख असेल, तर तिथून हलू नका. आधी सीडी तपासा: तिच्यात पातळ स्लाइस, म्हणजे शरीराच्या एकेका पातळ आडव्या कापाच्या प्रतिमा, आहेत का. माझा सगळा वेळ खाल्ला तो ह्याच एका टप्प्याने. बाकीचं काम एका संध्याकाळचं आहे.

ते आधी उरकतो. लॅपटॉपला हल्ली सीडी ड्राइव्ह नसतो, यूएसबीचा बाहेरचा लागतो. आख्खी सीडी आधी हार्ड डिस्कवर कॉपी करा. सीडीवरूनच उघडलं तर प्रत्येक स्लाइसला ड्राइव्ह घरघरतो आणि माउसचं चाक फिरवण्यात काही अर्थ राहत नाही. सीडीसोबत येणारा व्ह्यूअर (प्रतिमा बघायचं सॉफ्टवेअर) बहुधा फक्त विंडोजवर चालतो आणि त्यात जेमतेम सोयी असतात. मी वीसिस वापरला. तो मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. मॅकवाल्यांना होरोस आहे, विंडोजवर रेडिअँट किंवा मायक्रोडायकॉम. फाइलींच्या नावापुढे काहीही एक्स्टेन्शन नसलं तरी घाबरू नका आणि नावं बदलू नका. 'डायकॉमडिर' ही फाइल म्हणजे नुसती सूची, तिच्यात एकही प्रतिमा नसते. तेवढीच कुणाला पाठवली तर समोरच्याला रिकामा पडदा दिसतो.

आता अडलेली गोष्ट. सॉफ्टवेअरमध्ये डावीकडे सिरीजची, म्हणजे प्रतिमांच्या एकेका संचाची, यादी दिसते. प्रत्येक सिरीजखाली प्रतिमांचा आकडा असतो. पहिली नजर तिथे टाका. मोठ्या माणसाच्या छातीचा स्कॅन वरून खाली साधारण ३० सेंटिमीटरचा होतो. ५ मिमीच्या स्लाइस असतील तर आकडा ६०च्या आसपास येतो, १ मिमीच्या असतील तर ३००च्या. आमच्या सीडीत होतं ते असं: एक स्काउट (स्कॅनची जागा ठरवायला आधी काढलेली साधी प्रतिमा), साठेक प्रतिमांच्या दोन सिरीज आणि एक डोस रिपोर्ट (किती रेडिएशन दिलं त्याची नोंद). म्हणजे सगळं जाडं. खात्री करायची असेल तर डायकॉम टॅग (डायकॉम हा वैद्यकीय प्रतिमांचा फाइल-प्रकार, टॅग म्हणजे प्रतिमेसोबत नोंदलेली माहिती) उघडा आणि (००१८,००५०) शोधा. तिथे स्लाइसची जाडी मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते.

जाडीने एवढं काय बिघडतं? ५ मिमीच्या स्लाइसमधला प्रत्येक ठिपका म्हणजे त्या ५ मिमी जाडीतल्या सगळ्या गोष्टींची सरासरी. गाठ ४-५ मिमीची असेल तर ती आजूबाजूच्या हवेत मिसळून फिकी पडते, आणि घट्ट गाठसुद्धा धुरकट दिसू शकते. उलट आडवी कापली गेलेली रक्तवाहिनी गोल गाठीसारखी दिसते. अशा सिरीजवरून कोरोनल, म्हणजे समोरून दिसणारी उभ्या कापाची, प्रतिमा तयार केली की कडा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या येतात. तिथे सॉफ्टवेअर बदलून उपयोग नाही. ते मधल्या जागा अंदाजाने भरतं, नवी माहिती कुठून आणणार?

काउंटरवरची उत्तरं ठरलेली असतात. पहिलं, "फिल्म दिलीय ना, डॉक्टर त्यावरच बघतात." दुसरं, "तेवढं सीडीत मावत नाही." ह्याचा हिशेब तिथल्या तिथे करून दाखवा: सीटीची एक प्रतिमा ५१२ गुणिले ५१२ ठिपक्यांची, प्रत्येक ठिपक्याला २ बाइट, म्हणजे साधारण अर्धा एमबी. ३०० स्लाइस म्हणजे १५० एमबी. दोन सिरीज घातल्या तरी ३०० एमबी. सीडी ७०० एमबीची असते. तिसरं उत्तर, "मशीनच ५ मिमीने काढतं." हे तर अजिबात पटू देऊ नका. एका फेरीत १६ स्लाइस घेणाऱ्या मशीनलाही १ मिमीच्या आसपासच्या स्लाइस सहज काढता येतात. जाड्या स्लाइस नंतर तयार होतात, फिल्मवर मावाव्यात आणि भरभर बघता याव्यात म्हणून.

काउंटरशी वाद घालणं मी सोडून दिलं. ज्याला बोलायचं तो माणूस आत कन्सोलवर बसलेला टेक्निशियन. पण तोही तोंडी मागणीवर हलत नाही, आणि त्याचंही बरोबर आहे. डॉक्टरांकडून चिठ्ठी आणा आणि त्यावर नेमके शब्द असू द्या: छातीचा सीटी, १ मिमी जाडी, सलग स्लाइस, लंग आणि सॉफ्ट टिश्यू दोन्ही कर्नल, डायकॉम स्वरूपात. कर्नल म्हणजे मशीनच्या मोजमापांतून प्रतिमा तयार करायची पद्धत: लंग फुप्फुसासाठी, सॉफ्ट टिश्यू मऊ भागांसाठी. फ्लाइशनर सोसायटी या छातीच्या रेडिओलॉजीतल्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मोठ्यांच्या छातीच्या सीटीसाठी १.५ मिमी किंवा त्याहून पातळ, शक्यतो १ मिमीच्या सलग स्लाइस तयार करून जपून ठेवाव्यात असं स्पष्ट म्हटलंय. हे चिठ्ठीत आलं आणि मग कुठे काम हललं.

घाई कशाची, तर मशीनवरचा कच्चा डेटा, म्हणजे ज्यातून प्रतिमा तयार होतात ती मोजमापं, फार दिवस टिकत नाही. जागा भरली की जुना पुसला जातो. पातळ स्लाइस तयार करून साठवल्या नसतील आणि कच्चा डेटाही गेला असेल, तर स्कॅन पुन्हा करण्याशिवाय, म्हणजे पुन्हा रेडिएशन घेण्याशिवाय मार्ग नाही. म्हणून "पुढच्या आठवड्यात या" हे ऐकून गप्प बसायचं नाही.

दुसरी सीडी मिळाल्यावरही सावध राहा. १ मिमी जाडी लिहिलेली असते, पण दोन स्लाइसमधलं अंतर १० मिमी असू शकतं. जुन्या पद्धतीच्या एचआरसीटीत (फुप्फुसाच्या बारकाव्यांसाठीच्या सीटीत) असंच असे. लागोपाठच्या दोन प्रतिमांचं स्थान बघा. फरक १ मिमीच्या आसपासच हवा. लॅपटॉप आणि ड्राइव्ह सोबत नेऊन हे तिथेच उभं राहून तपासावं. लोक बघतात, बघू देत.

आता बघायचं कसं. आडव्या प्रतिमेत आपण पायाकडून वर बघत असतो, म्हणून पेशंटची उजवी बाजू पडद्यावर डावीकडे येते. कोपऱ्यातली 'आर' आणि 'एल' ही अक्षरं बघितल्याशिवाय बाजू ठरवू नका. काळ्या-पांढऱ्याचा पल्ला विंडोने ठरतो. हाउन्सफील्ड या सीटीतल्या घनतेच्या मापात पाणी ०, हवा उणे १०००, चरबी उणे १००च्या आसपास. फुप्फुसासाठी (लंग विंडो) विड्थ, म्हणजे पल्ल्याची रुंदी, १५०० आणि लेव्हल, म्हणजे पल्ल्याचा मध्य, उणे ६००. छातीच्या मधल्या, हृदयाच्या भागासाठी (सॉफ्ट टिश्यू विंडो) विड्थ ४००, लेव्हल ४०. ह्या मधल्या भागाच्या विंडोतच अडकून राहिलात तर फुप्फुस नुसतं काळं दिसतं आणि सगळं ठीक आहे असं वाटतं.

गाठ की रक्तवाहिनी हे चाक हळू फिरवून कळतं. वाहिनी पुढच्या स्लाइसमध्ये सरकत जाते, फांद्या फोडते. गाठ उगवते आणि तिथेच मावळते. शंका राहिली तर ८-१० मिमी जाडीचा एमआयपी (तेवढ्या जाडीतला सर्वांत उजळ ठिपका दाखवणारी सोय) लावा, वाहिन्या दोरीसारख्या दिसतात आणि गाठ वेगळी उठून येते. माप लंग विंडोत घ्यायचं. सॉफ्ट टिश्यू विंडोत तीच गाठ लहान दिसते. सर्वांत लांब व्यास आणि त्याला काटकोनातला व्यास, दोन्हींची सरासरी, जवळच्या पूर्ण मिलिमीटरमध्ये. घनता मात्र सॉफ्ट टिश्यू कर्नलच्या सिरीजवर मोजा. लंग कर्नलमध्ये कडा छान येतात, पण आकडे उड्या मारतात. दोन्ही कर्नल मागायचे ते ह्यासाठीच. गाठीत चरबी सापडते का, हे डॉक्टर त्यावरून बघतात. निदान त्यांचंच; आपण बघायचं ते प्रश्न नीट विचारता यावेत म्हणून.

एक राहिलं. काही सेंटर सीडीऐवजी लिंक देतात. तिथून जेपीजी किंवा पीडीएफ नाही, डायकॉमच उतरवा. लिंकची मुदत संपायच्या आत उतरवा आणि वरचीच तपासणी करा. सहा महिन्यांनी किंवा वर्षाने पुन्हा स्कॅन झाला तर तोही १ मिमीचाच मागा. एक जाडा आणि एक पातळ शेजारी ठेवले तर गाठ वाढली की नुसती स्पष्ट दिसायला लागली, हे ठरवता येत नाही.

डॉक्टरांना पाठवताना संपूर्ण फोल्डर झिप करा आणि लिंकने द्या. पडद्याचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले तर हाउन्सफील्डचे आकडे आणि विंडो बदलायची सोय, दोन्ही जातात. अनोळखी माणसाला दाखवायचं असेल तर आधी सॉफ्टवेअरमधून नाव, पेशंट क्रमांक आणि जन्मतारखेचे टॅग काढून टाका, आणि डोस रिपोर्टची सिरीज वगळा. तिच्यात नाव बऱ्याचदा प्रतिमेतच छापलेलं असतं, टॅग काढून ते जात नाही.