कोयत्यावर गेलेली मुलं हिशेबात कुठे?

त्या दिवशी पंचायत समितीच्या सभागृहात आमच्या वाचन कार्यक्रमाच्या मूल्यमापनाचा आराखडा मांडायचा होता. बीड जिल्हा, ऊसतोडीचा तालुका. जूनमध्ये एक चाचणी, मार्चमध्ये दुसरी आणि मधला फरक म्हणजे परिणाम, एवढं बऱ्याच देणगीदारांना पुरतं. मला ते मान्य नाही. वर्षभरात मूल कार्यक्रमाशिवायही पुढे जातंच. म्हणून चिठ्ठ्या टाकायच्या: निम्म्या केंद्रांना (केंद्र म्हणजे जवळपासच्या शाळांचा गट) कार्यक्रम यंदा, उरलेल्यांना पुढच्या वर्षी.

चिठ्ठी शाळेची न काढता अख्ख्या केंद्राची का, यावर बराच वेळ गेला. केंद्रातले शिक्षक शिक्षण परिषदेत भेटतात. एका शाळेतलं चांगलं साहित्य लगेच शेजारच्या शाळेत पोचतं. पोचायलाच हवं, पण मग तुलना कोणाशी करायची? शिवाय एका केंद्रातली मुलं बरीच एकसारखी असतात. दर केंद्रात २० मुलं घेतली आणि हे साधर्म्य शून्य ते एक या मापावर ०.२ धरलं, तर १००० मुलं तपासूनही माहिती हाती येते जेमतेम २०८ मुलांइतकी. म्हणून मुलं नकोत, केंद्रं वाढवा, असा माझा आग्रह असतो.

निम्म्यांना थांबवणं गटशिक्षणाधिकाऱ्यांना पटेना. मुंबई-वडोदऱ्यातल्या ‘प्रथम’ या संस्थेच्या बालसखी अभ्यासात काही शाळांत तिसरीला, उरलेल्यांत चौथीला बालसखी, म्हणजे मागे पडलेल्या मुलांना शिकवणारी वस्तीतलीच तरुणी, दिली होती; कुठलीच शाळा रिकाम्या हाताने राहिली नाही. इथे ते शक्य नाही. द्विशिक्षकी शाळेत तिसरी-चौथी एकाच खोलीत, एकाच बाईंसमोर बसते.

मग मागून एक केंद्रप्रमुख उठले. “मॅडम, दिवाळी झाली की माझ्या केंद्रातली पोरं आईबापाबरोबर कोयत्यावर, ऊसतोडीला जातात. मार्चला तुम्ही चाचणी घेणार, तेव्हा ती कारखान्यावर. तुमच्या हिशेबात ती कुठं?”

दिवसभरातला सर्वांत कसदार प्रश्न होता तो. नियम सांगायला सोपा: मूल ज्या केंद्रातलं, त्या केंद्राच्या चिठ्ठीप्रमाणेच ते मोजायचं, मग ते वर्गात असो की उसाच्या फडात. पण मार्चमध्ये ते सापडणार कसं? आणि पेच याहून मोठा आहे. समजा, कार्यक्रमामुळे काही पालकांनी मुलं आजीजवळ ठेवली. म्हणजे कार्यक्रमाच्या शाळांत वाचनात मागे असलेली मुलं टिकली आणि दुसरीकडची निघून गेली. मग कार्यक्रमाचीच सरासरी खाली दिसेल. यश अपयश म्हणून छापलं जाईल.

दुसरी चाचणी मार्चऐवजी पुढच्या जूनमध्ये, कुटुंबं परतल्यावर, घरोघरी जाऊन घ्यायची, असं मी तिथेच सांगितलं. पहिल्या चाचणीच्या कागदावर पालकांबरोबर मुकादमाच्या, म्हणजे त्यांना तोडीला नेणाऱ्याच्या, मोबाइलचाही रकाना टाकला. पण निधीचं वर्ष ३१ मार्चला संपतं, आणि अंदाजपत्रकात पहिली कात्री घरभेटींच्या खर्चालाच लागते. शिवाय जूनचा आकडा शिकलेलं आणि सुट्टीत विसरलेलं एकत्रच मोजेल. तरी मला तोच हवा आहे. देणगीदारांना अजून पटवायचं आहे.