फेकून दिलेली बुरशी

आज लॅबमध्ये एका प्लेटवर कापसासारखा पांढरा पुंजका दिसला. खराब झाली म्हणून टाकणार, तोच कॉक्सिडिऑइडोमायकोसिस या बुरशीमुळे होणाऱ्या आजाराची गोष्ट आठवली आणि हात थांबला.

१८९२ साली ब्यूनस आयर्समध्ये आलेहान्द्रो पोसादासने एका सैनिकाच्या त्वचेच्या गाठींत गोल पेशी पाहिल्या. विद्यार्थी होता हो तो! सगळ्यांना वाटलं, आदिजीव, म्हणजे अमीबासारखे एकपेशीय जीव. १८९६ मध्ये त्या जंतूचं नावही त्याच समजुतीने पडलं. रुग्णाचा नमुना लॅबमध्ये वाढवला (कल्चर केला) की बुरशी उगवायची, ती बाहेरची घाण म्हणून फेकली जायची. १९०० मध्ये ऑफुल्स आणि मॉफिट या संशोधकांनी तीच बुरशी प्राण्यांना टोचली, आणि आत पुन्हा त्याच गोल पेशी! म्हणजे ती घाण नव्हती, तोच आजाराचा जंतू होता. तो सैनिक त्याआधीच गेला होता, याचं फार वाईट वाटतं.

प्लेट मी परत इनक्युबेटरमध्ये ठेवली.