आमची वाटचाल : आरसी बुक नसलेली गाडी

आमच्या गाळ्यावरची पाटी अजून ‘टर्निंग, शेपिंग व सर्व प्रकारचे जॉबवर्क’ अशीच आहे. बदलायची राहून गेली. त्यामुळे ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये पत्ता विचारत आलेला माणूस दारातूनच मागे फिरतो आणि मग फोन करतो, “अहो, इथे तर लेथ चालू आहे. जुन्या गाड्या कुठे नीट करता?” त्या लेथच्याच मागे करतो.

लेथ, म्हणजे धातू कातायचं यंत्र, बाबांचा. ते कळव्याच्या एका कारखान्यात टर्नर होते. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा हाती आलेल्या पैशातून १९९४ मध्ये त्यांनी सहा फुटी जुना लेथ घेतला. पंपाचे शाफ्ट, बुश, पुली, जे येईल ते काम. २००३ मध्ये डिप्लोमा करून मी त्यांच्या हाताखाली उभा राहिलो आणि पहिली दोन वर्षं मुख्यतः लेथवरच्या लोखंडी चिप्स झाडल्या. जुन्या गाड्या आम्ही शोधत गेलो नाही. एका प्रीमियर पद्मिनी गाडीचा किंगपिन बुश (पुढचं चाक वळतं त्या खिळीचं आवरण) कुठेच मिळेना म्हणून तिचे मालक बाबांकडे आले, त्यांनी दुसऱ्याला सांगितलं. पार्ट मिळत नाही तिथे लेथ लागतो, इतकंच त्यात होतं.

ती गाडी आली २०१६ मध्ये. घोडबंदर रोडला कासारवडवलीत एक बंगला पाडायचा होता आणि मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली ‘काहीतरी’ होतं. ताडपत्री ओढली तर चारही चाकं अंगाबाहेर, छप्पर नाही, दिवे नाहीत, एकाच माणसाची सीट आणि सीटवर कोंबडीने अंडी घातलेली. माझ्यासोबतचा पोरगा म्हणाला, “दादा, ही अर्धीच आहे.”

अर्धी नव्हती, फॉर्म्युला मारुती नावाची रेसिंग कार होती. कोइम्बतूरचे एस. करिवर्धन यांनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ही गाडी उभी केली. परदेशी रेसिंग कार परवडत नाही ना, मग पाइपचा सांगाडा करा, त्यावर फायबरचं अंग चढवा आणि मारुती ८०० चं इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे बसवा. चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरचा रेसिंग ट्रॅक १९९० मध्ये झाला, तिथे या गाड्या धावल्या. पुढे फॉर्म्युला वनपर्यंत पोचलेला नारायण कार्तिकेयनही आधी यातच शिकला. करिवर्धन १९९५ मध्ये गेले. कोइम्बतूरच्या ट्रॅकला आज त्यांचं नाव आहे.

मालकीण म्हणजे बंगलेवाल्यांची मुलगी. ताई म्हणाल्या, पप्पांनी हौसेने घेतली, कंपाउंडमध्ये एकदा फिरवली, आईने आवाजावरून आकाशपाताळ एक केलं, त्या दिवसापासून ती शेडमध्ये. कागद म्हणाल तर वीस रुपयांचा एक स्टॅम्पपेपर, १९९८ चा, विकणारा पुण्याचा. त्याआधीचं काही नाही. रेसिंग कार आरटीओत जातच नाही, त्यामुळे नंबर नाही, आरसी नाही, टॅक्सची पावती नाही. साध्या स्कूटरचेही मालक आरसीवरून कळतात. इथे जे काही कळायचं ते गाडीच्या अंगावरूनच.

आणि त्या अंगावरचाच एक पुरावा आम्ही पुसला. चूक सर्वस्वी माझी. नाकाचा भाग, म्हणजे पुढचा निमुळता फायबर, मी रंगकाम करणाऱ्या पोराला दिला, ‘साफ कर’ म्हणालो आणि सामान आणायला रबाळेला गेलो. दुपारी परत आलो तर त्याने डावी बाजू पाणी पेपरने (ओल्या सँडपेपरने) जेलकोटपर्यंत, म्हणजे फायबरच्या मूळ वरच्या थरापर्यंत, चकचकीत केलेली. मन लावून केलं होतं बिचाऱ्याने. उजवीकडे तळहाताएवढा तुकडा राहिला होता. तिथे मी आठशे नंबरचा पेपर बोटाला गुंडाळून अगदी हळू फिरवला. झाडाच्या खोडात दिसतात तशा कडा उमटल्या. वर पिवळा, मग पांढरा, त्याखाली निळा, आणि निळ्यावर एका आकड्याचा खालचा गोलावा. तीन असेल किंवा आठ. डावीकडे तोच आकडा पूर्ण असणार होता.

स्टॅम्पपेपरवरच्या नावावरून पुण्याचे गृहस्थ सापडले. आता पन्नाशीचे आहेत, डोक्यावर केस नाहीत, गाडीचं नाव काढलं तर तासभर बोलले. १९९५ मध्ये चेन्नईहून रोख पैसे देऊन आणली, तेव्हा ती पांढरी होती, पिवळा त्यांनी मारला. निळ्याबद्दल त्यांना काहीच माहीत नव्हतं. आणतानाचा एक फोटो त्यांनी पाठवला. त्यात आकड्याच्या जागेच्या बरोबर पुढे एक माणूस चहाचा ग्लास घेऊन उभा आहे.

सांगाडा जास्त बोलका निघाला. गाळ्याच्या फरशीवर ओळंबे सोडून, खडूने खुणा करून दोन्ही कर्ण मोजले, ते सारखे हवेत, तर अकरा मिलिमीटरचा फरक. पुढच्या डाव्या कोपऱ्यात सोळा गेजच्या पाइपवर बाहेरून स्लीव्ह, म्हणजे जाड नळीचं आवरण, चढवून आर्क वेल्डिंगचे जाड गोळे टाकलेले. बाकीचे सगळे सांधे बारीक, एकसारखे. म्हणजे गाडी कधीतरी डाव्या कोपऱ्यावर जोरात आपटली होती आणि ट्रॅकच्या आसपासच्या कुणीतरी घाईघाईत जोडली होती. बाबांनी छोटी हातोडी घेऊन एकेक पाइप वाजवला. चांगला पाइप ‘टण्’ म्हणतो, आतून गंजलेला ‘थप्’. खालचे दोन थप् म्हणाले. खाडीची हवा आहे, वरून रंग बरा दिसतो आणि आत पापुद्रे सुटलेले असतात. ते दोन बदलले आणि सगळ्या पाइपांना बारीक भोक पाडून आत जवसाचं तेल फिरवलं. विमानाचे सांगाडे पाइपचे असायचे तेव्हा असंच करत. तेल मी जांभळी नाक्यावरून आणलं. दुकानदाराने विचारलं, चटणीला एवढं?

स्लीव्हचं काय करायचं यावर आमच्यात भांडण झालं. आमच्या वेल्डरकाकांना ती खुपत होती, कापून नवं करू म्हणाले. तडे दाखवणारं डाय पेनिट्रंट मारून पाहिलं, लाल रेघ कुठेच उमटली नाही, म्हणजे तडा नाही. मी ती ठेवली आणि सांगाडा ओढून कर्णांतला फरक दोन मिलिमीटरवर आणला.

चेसिसच्या प्लेटचं, म्हणजे सांगाड्याच्या नंबराच्या पट्टीचं, तसं मिटवता आलं नाही. चार रिव्हेट, त्यांतले दोन जुने ॲल्युमिनियमचे, दोन स्टीलचे. प्लेट एकदा निघालेली आहे. याच सांगाड्यावरून निघून याच्यावर बसली, की दुसऱ्यावरून इथे आली? असल्या प्रश्नावर १९९० मध्ये लंडनच्या हायकोर्टात खटला झालाय. गाडी होती १९२९ आणि १९३० ची फ्रान्सची ल मान्स शर्यत जिंकलेली ‘ओल्ड नंबर वन’ बेंटली. विकत घेणारे म्हणाले, हिच्यात मूळचं काही उरलेलंच नाही. न्यायाधीशांनी सांगितलं, भाग बदलत गेले, पण गाडीची साखळी कुठे तुटली नाही, तेव्हा ही तीच. आमची साखळी १९९५ पर्यंतच हाती लागते. बिलासोबतच्या फाइलमध्ये मी ‘प्लेट पूर्वी एकदा काढलेली आहे’ असं लिहिलं. ताई म्हणाल्या, “दादा, लिहायलाच हवं का? किंमत पडते.” वाक्य फाइलमध्ये आहे. त्या महिनाभर जरा तुटकच बोलल्या.

इंजिनाचं थोडक्यात सांगतो, कारण गमतीचा भाग म्हणजे तेच सोपं होतं. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, २०१४ पर्यंत मारुती ८०० निघत होती, रिंग सेट आणि गॅस्केट मुंबईत ऑपेरा हाउसला एका दुपारी मिळाले. गिअरचा दांडा ड्रायव्हरच्या बगलेतून मागे जातो, त्याचे गनमेटलचे बुश मात्र बाबांनी स्वतः काढले, तीनदा.

पैशांचं विचाराल तर मी ठोक रक्कम सांगून बसलो होतो. अडीच महिन्यांचं काम चौदा महिने चाललं आणि चौदापैकी पाच महिन्यांचं भाडं पंपाच्या शाफ्टांनी भरलं. तेव्हापासून ठोक बोलत नाही. आणि गाळ्यात एक जाड रजिस्टर आलं. कुठल्याही गाडीला पाणी पेपर लागायच्या आधी चारही बाजूंनी फोटो, रिव्हेटची मोजदाद, रंगाच्या कडा, सगळं त्यात. रंगकामाचा तो पोरगाच आता रजिस्टर लिहितो आणि माझ्यावरही ओरडतो.

गाडी सुरू केली ती गाळ्यातच, मागची बाजू घोड्यांवर (स्टँडवर) ठेवून. रस्त्यावर न्यायची परवानगी नाही आणि मी त्या सीटमध्ये मावत नाही, म्हणून ताईच बसल्या. शेजारच्या प्रेस शॉपचे लोक दारात जमले. तिसऱ्या स्टार्टला पकडली. बाबा लेथजवळच्या स्टुलावर बसून होते, कान पुढे करून. सगळे टाळ्या वाजवत होते, ते हाताने ‘बंद करा’ सांगत होते.

त्या दिवशीची रजिस्टरातली नोंद त्यांच्या अक्षरात आहे : ‘तीन नंबरचा टॅपेट वाजतो. सेट करून देणे.’